दोन्ही बाटल्या कडू

आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली आहे. तिला एक खिडकी, एक बेसिन, आणि लावला की बाजूच्या वर्गातलं शिकवणं बंद पडावं इतका आवाज करणारा एक पंखा आहे. ही माझी प्रयोगशाळा. मी औषधनिर्माणशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि या खोलीवर माझा जीव आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही केलं त्याला वेडेपणा म्हणताना तुमचा हात जरा आखडेल.

तर एका सोमवारी प्राचार्य त्या खोलीत आले. मागे टेप घेतलेला एक माणूस. त्यानं माझ्या टेबलाला वळसा घालून भिंत मोजली, खिडकी मोजली, आणि मी मध्ये उभा होतो तर मला हातानं जरा बाजूला केलं.

"इथं पाहुण्यांचा कक्ष करायचाय," प्राचार्य म्हणाले. "सोफा या भिंतीला बसेल."

"आणि मी?"

"तुम्ही काय, कुठेही बसाल."

मी म्हटलं, सर, इथं संशोधन चाललंय. ते म्हणाले, चाललंय हे मी बरेच दिवस ऐकतोय, पोचलंय असं कधी ऐकलं नाही. मग सगळा स्टाफ ऐकत असताना त्यांनी जाहीर केलं, की येत्या औषधनिर्माण परिषदेत सर्वोत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार आणलात तर खोली तुमची, नाहीतर सोफ्याची. स्टाफनं टाळ्या वाजवल्या. कोणासाठी वाजवल्या ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझं संशोधन काय, ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगायची मला सवय नाही, पण प्रयत्न करतो. लहान मुलांना द्यायचं एक औषध आहे. इतकं कडू, की मूल ते घेत नाही, आणि घेतलंच तर पाजणाऱ्याच्या अंगावर परत करतं. त्यात साखर ओता, गुलाबी रंग घाला, फळाचा वास घाला, काही उपयोग नाही. मी त्या औषधाचे कण एका खास राळेत अडकवून ठेवले. जिभेवर ते सुटत नाहीत, थेट पोटात गेल्यावर सुटतात. जिभेला पत्ता लागत नाही आणि पोटाला चव कळत नाही. मला विचाराल तर या कल्पनेतच पुरस्कार होता. पण मला कोणी विचारत नव्हतं.

कडू आहे की नाही, हे यंत्र ठरवू शकत नाही, निदान आमच्याकडचं तरी नाही. त्यासाठी माणसाची जीभ लागते. एक घोट तोंडात घ्यायचा, थोडा घोळवायचा, थुंकायचा, स्वच्छ चूळ भरायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग दुसरा नमुना चाखायचा. ही पद्धत मीच लिहून काढली होती आणि तिचा मला अभिमान होता. हे लक्षात ठेवा. पुढे माझ्या लक्षात राहिलं नाही.

पहिली जीभ अर्थातच घरची. आमच्या हिनं लग्नानंतर बऱ्याच गोष्टी गोड मानून घेतल्या आहेत, पण हे औषध तिला कधी गोड मानता आलं नाही. सकाळच्या चहाआधी मी चमचा घेऊन उभा राहायचो आणि ती म्हणायची, "अहो, लोक बायकोला फिरायला नेतात." तरी चाखायची. पण एका जिभेवर शास्त्र चालत नाही, म्हणून मी इमारतीतल्या शेजाऱ्यांना बोलवायचं ठरवलं, आणि इथून माझे ग्रह फिरले.

माणसांवर चाचणी म्हटली की महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. कमिटीत डॉक्टर हवा, वकील हवा, आणि नियमाप्रमाणे एक 'सामान्य नागरिक' हवा, ज्याचा शास्त्राशी संबंध नाही. आमचा सामान्य नागरिक गाव सोडून मुलीकडे राहायला गेला होता. सामान्य नागरिक मिळेपर्यंत कमिटी बसणार नाही, असं कार्यालयानं कळवलं. जगात सामान्य नागरिकांचा इतका तुटवडा असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त लेखापरीक्षक राहतात. सगळी इमारत त्यांना ऑडिटरकाका म्हणते. मी मोठ्या आशेनं वर गेलो आणि म्हटलं, "काका, तुम्हाला आमच्या कमिटीवर घ्यायचंय."

काकांनी चष्मा पुसला. "कोणत्या पदावर?"

"सामान्य नागरिक म्हणून."

काकांनी चष्मा पुन्हा पुसला. "प्रोफेसर, मी भल्याभल्या खात्यांचे प्रमुख उभे केले आहेत. ते माझ्यासमोर पाणी मागायचे. मी सामान्य?"

मी आधी सरळ समजूत घातली, मग आडून घातली, शेवटी म्हटलं, काका, असामान्य माणूसच सामान्य नागरिकाचं काम नीट करू शकतो. ते वाक्य त्यांना पटलं. मला अजून पटलेलं नाही. पण काका कमिटीवर आले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी माझ्या अर्जावर इतके आक्षेप काढले, की डॉक्टर आणि वकील दोघंही त्यांच्याकडे आदरानं बघायला लागले. परवानगी मिळाली तेव्हा मी बारीक झालो होतो.

मग चाखणं सुरू झालं. इमारतीतले लोक सकाळी आमच्याकडे यायचे, घोट घ्यायचे, थुंकायचे, चूळ भरायचे आणि थांबायच्या दहा मिनिटांत सल्ले द्यायचे. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, रंग जरा फिक्कट करा, अंगावर सांडला तर डाग निघत नाही. समोरच्या ब्लॉकमधले विमा एजंट प्रत्येक नमुना चाखून "आधीचा बरा होता" म्हणायचे, पहिलासुद्धा. सोसायटीच्या सेक्रेटरीनं आमच्या बेसिनचं पाणी तुंबतंय म्हणून तक्रार केली, मग स्वतःच चाखायला आले आणि दोन दिवस आमचं बेसिन वापरलं. पण निकाल चांगले येत होते. राळ कडूपणा धरून ठेवत होती. मी रात्री शांत झोपत होतो आणि ही म्हणत होती की मी झोपेत हसतो.

निबंध पाठवला, तो स्वीकारला गेला, अंतिम फेरीसाठी निवडला गेला, आणि परिषदेच्या कार्यालयानं तो पशुवैद्यकीय विभागात टाकला. 'पाजण्याचे औषध' हे शब्द वाचून कोणीतरी आपल्या मनानं ठरवलं असावं. मी फोन केला. पलीकडून एक मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, कोणत्या प्राण्यासाठी आहे?"

मी म्हटलं, "मुलांसाठी."

"कोणाच्या?"

"माणसांच्या."

ती म्हणाली, विभाग बदलायची मुदत कालच संपली, पण काळजी करू नका, मोठा पुरस्कार सगळ्या विभागांना मिळून एकच आहे. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर शेवटपर्यंत पशुवैद्यकीय हा शब्द राहिला आणि पहिल्या दिवशी दोन गृहस्थांनी मला म्हशीच्या जंतांबद्दल विचारलं. मी माहिती होती तेवढी दिली. अपमान गिळायलाही एक प्रकारचा सराव लागतो.

परिषदेत अंतिम फेरीच्या स्पर्धकांना आपलं औषध परीक्षकांसमोर ठेवायची मुभा होती. मी दोन बाटल्या करणार होतो, एक साधं कडू औषध आणि एक माझं. दोन्ही दिसायला सारखी असावीत म्हणून साध्या औषधातही मी निरुपद्रवी पूड घालून तोच गढूळपणा आणला होता. रंग तोच, वास तोच. पण ऑडिटरकाकांना हे पुरेसं वाटेना.

"प्रोफेसर, कोणती बाटली कुठली हे तुम्हाला माहीत असणार. तुम्ही चांगली पुढे करताना हसाल, वाईट पुढे करताना घाम पुसाल. परीक्षक ते बघतील. हे ऑडिट नव्हे, हे नाटक झालं."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी हिला सांगितलं, तू दोन्ही औषधं सारख्या बाटल्यांत भर आणि एकीला लाल, दुसरीला निळी चिकटपट्टी लाव. मला सांगू नकोस. ही माझ्यासोबत परिषदेला येणार होती, तेव्हा तिनं विचार केला की हे माझा चेहरा वाचून ओळखतील. म्हणून तिनं बाटल्या भरल्या आणि चिकटपट्ट्या लावायला आमच्या लेकीला दिल्या. लेकीनं काय केलं असेल? डोळे मिटून बाटल्यांची अदलाबदल केली आणि मग पट्ट्या लावल्या. तिलाही माहीत नाही. आमच्या शास्त्रात याला अंधचाचणी म्हणतात. आमच्या घरी तिची आंधळी कोशिंबीर झाली.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक चाखली की कडू, दुसरी चाखली की गोड, परीक्षकांना कळणारच. हे मला प्रवासात बसमध्येही पटत होतं. बस वाटेत बंद पडून भर उन्हात उभी राहिली आणि सामानाचा कप्पा तव्यासारखा तापला, तेव्हा जरा कमी पटायला लागलं.

सादरीकरणाच्या सकाळी ही आंघोळीला गेली आणि मला राहवेना. नुसतं बघू, म्हटलं. लाल पट्टीची बाटली उघडली, चमचाभर तोंडात घेतला. कडू. अगदी मस्तकापर्यंत. बरं झालं, म्हणजे निळी माझी. आणि तोंडातला कडूपणा जावा म्हणून मी लगेच निळीतला चमचा घेतला.

कडू.

मी पलंगावर बसलो. पुन्हा निळी चाखली. कडू. पुन्हा लाल. कडू. उन्हात राळेनं हात टेकले होते. सगळे कण सुटले होते. शिंपीणबाई, विमा एजंट, सेक्रेटरी, सगळ्यांच्या जिभा फुकट गेल्या होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर खिडकीखाली सोफा दिसायला लागला, तोही मखमली.

हिला मी सांगितलंच नाही. सभागृहाच्या दारापर्यंत सांगितलं नाही. तिथं मात्र राहवलं नाही. "अगं, सगळं संपलं. सकाळी मी दोन्ही चाखल्या. दोन्ही कडू."

"दोन्ही? लागोपाठ?" ती म्हणाली. "अहो, पण तुम्ही मध्ये..."

तेवढ्यात माझा पुकारा झाला आणि एका स्वयंसेवकानं मला दंडाला धरून आत नेलं.

व्यासपीठावर परीक्षकांच्या मधोमध एक बाई बसल्या होत्या. निवृत्त प्राध्यापिका. या क्षेत्रातली अर्धी माणसं त्यांच्या तोंडी परीक्षेत रडून मोठी झाली आहेत. त्यांचा चेहरा असा, की उत्तर बरोबर असो की चूक, भुवईसुद्धा हलायची नाही. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य होते, परिषदेचे सहआश्रयदाते म्हणून, आणि मोबाइलवर कोणालातरी सांगत होते, "नाही, बदामी रंगच पाठवा."

मी बोलायला लागलो. तिसऱ्या रांगेत ही दिसली, आणि ती काहीतरी खुणा करत होती. दोन्ही गाल फुगवायची, आतल्या आत इकडून तिकडे हलवायची आणि मग मान खाली करायची. मला वाटलं, पाणी प्या म्हणतेय. मी ग्लास उचलून पाणी प्यालो. तिनं कपाळाला हात लावला. मी आणखी प्यालो. तिच्या शेजारच्या अनोळखी बाईही आता गाल फुगवून बघायला लागल्या होत्या.

निकाल सांगून झाले. मग बाटल्या पुढे करायची वेळ आली आणि मी अडखळलो. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. कदाचित परीक्षकांनी चाखल्याच नसत्या. पण ज्या लोकांनी माझ्यासाठी रोज सकाळी कडू तोंड केलं, त्यांच्या नावानं खोटं बोलायला जीभ वळेना.

"एक सांगायला हवं," मी म्हणालो. "यातली एक कडू आणि एक गोड असायला हवी. पण आज सकाळी मी स्वतः चाखून पाहिलं. मला दोन्ही कडू लागल्या. बस उन्हात उभी होती, बहुधा औषध बिघडलं असावं. माझे आधीचे आकडे खरे आहेत, पण या बाटल्यांची खात्री मी देत नाही."

सभागृहात कुजबुज झाली. प्राचार्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

परीक्षक बाई पहिल्यांदाच बोलल्या. "पहिली चाखल्यावर चूळ भरलीत?"

मी पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला.

"थांबलात किती वेळ?"

"थांबलो... नाही."

"मागे बघा."

मागे पडद्यावर माझीच पद्धत होती, ठळक अक्षरात. प्रत्येक नमुन्यानंतर स्वच्छ चूळ भरावी व दहा मिनिटे थांबावे. खाली माझं नाव. सभागृह असं हसलं की माइकनं शिट्टी दिली. कडू औषधाचा कडूपणा जिभेवर बसून राहतो, त्यावर तुम्ही मध चाटलात तरी कडूच लागणार, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. तिसऱ्या रांगेत ही दोन्ही हात जोडून छताकडे बघत होती.

"बाटल्या द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक घोट घेतला, थुंकला, चूळ भरली आणि घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. दहा मिनिटं. सगळं सभागृह एका बाईंना काहीच न करताना बघत बसलं होतं. मग दुसरा घोट. मी त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखून होतो. भुवई नाही, ओठ नाही, काही म्हणजे काही नाही. भिंतीनं चाखलं असतं तर मला जास्त कळलं असतं.

"मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण मी सांगितलं तर ते माझं मत होईल. मला असा माणूस हवा, ज्याला हे औषध यशस्वी व्हावं असं मुळीच वाटत नाही."

मी प्राचार्यांकडे बघितलं नाही, असं मी आजही सांगतो. पण हिनं बघितलं, आणि तिच्या नजरेमागोमाग तिसरी रांग वळली, मग दुसरी. प्राचार्यांना वाटलं आपल्याला मानानं बोलावतायत. ते कोट सावरत वर आले.

बाईंनी त्यांना निळी बाटली दिली. त्यांनी चमचाभर घेतलं. थुंकायला सांगितलं होतं, पण ते विसरून गिळून टाकलं. एका चमच्यानं मोठ्या माणसाला काही होत नाही, त्यामुळे कोणी अडवलं नाही.

"काही विशेष नाही," ते म्हणाले. "फळासारखं लागतं. नीट अंदाज येत नाही, आणखी जरा बघू." आणि आणखी एक चमचा घेतला.

बाईंनी त्यांना चूळ भरायला लावली, घड्याळ लावून बसवलं आणि मग लाल बाटली पुढे केली. प्राचार्य आता निर्धास्त होते. त्यांनी चमचा चांगला भरून घेतला.

पुढे त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं त्याचं वर्णन मी सभ्यपणे करू शकत नाही. एक डोळा मिटला, दुसरा मिटायला विसरला. मान खांद्यांत गेली. परिषदेचा फोटोग्राफर व्यासपीठाखालीच होता आणि तो आपल्या कामात फार तत्पर निघाला. प्राचार्यांनी एक हात तोंडावर धरला आणि दुसरा हात टेबलावर चाचपडत पुढे केला.

"मघाचं ते," ते कसेबसे म्हणाले. "निळं. निळं द्या आधी."

बाईंची भुवई हलली. मी शपथेवर सांगतो, हलली.

"झालं," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही."

टाळ्या पडायला लागल्या आणि पडतच राहिल्या. यावेळी मात्र त्या कोणासाठी आहेत ते मला कळत होतं. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी काहीही केलं नाही.

संध्याकाळी सर्वोत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार मला जाहीर झाला. बाई म्हणाल्या, स्वतःच्या औषधाविरुद्ध साक्ष देणारा संशोधक फार दिवसांनी बघितला, चूळ न भरणारा तर पहिल्यांदाच. पुरस्कार सहआश्रयदात्यांच्या हस्ते होता. खल-बत्त्याच्या आकाराचं ते जड स्मृतिचिन्ह माझ्या हातात देताना प्राचार्य हसले. तोंड अजून पूर्ण जागेवर आलेलं नव्हतं, पण हसले. आणि माइकवर म्हणाले, "या संशोधनाला आमच्या महाविद्यालयानं सुरुवातीपासून हक्काची जागा दिली." मी ते वाक्य लक्षात ठेवलं. शेकडो साक्षीदार होते.

माझ्या भाषणात मी हिला उभं राहायला सांगितलं. म्हटलं, या औषधाची पहिली जीभ इथं बसलीय, आणि आज सगळ्या सभागृहात माझी पद्धत फक्त तिलाच आठवत होती. ती उठेना. शेजारच्या त्या अनोळखी बाईंनी तिला उठवलं. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "उद्यापासून चहाआधी काही देऊ नका म्हणजे झालं," आणि स्मृतिचिन्ह मांडीवर घेऊन झोपली.

प्रमाणपत्रावर अर्थातच 'पशुवैद्यकीय विभाग' छापलेलं आलं. मी ते दुरुस्तीला पाठवणार होतो, पण ऑडिटरकाकांनी अडवलं. "राहू द्या, प्रोफेसर. प्राचार्यांवर चाचणी झालीय, नोंद बरोबरच आहे." प्रमाणपत्र आता तसंच फ्रेममध्ये आहे.

सोफा बदामी रंगाचाच आला. तो परत जाईना, कार्यालयात मावेना, म्हणून अखेर माझ्या खोलीत खिडकीखाली ठेवला आहे. चाखणं आता इथंच चालतं आणि येणारी माणसं त्यावर बसतात. शिंपीणबाई म्हणतात कापड चांगलं आहे, विमा एजंट म्हणतात आधीचं स्टूल बरं होतं, आणि ऑडिटरकाका मधोमध बसून सामान्य नागरिकाचं काम असामान्यपणे करतात.

गेल्या आठवड्यात परिषदेचे पाहुणे खोली बघायला आले. प्राचार्य त्यांना घेऊन आले आणि 'आमची प्रयोगशाळा' म्हणून पंखासुद्धा दाखवला. मग पाहुण्यांसमोर ऐटीत सोफ्यावर बसले. मी नव्या औषधाचा नमुना चमच्यात ओतला आणि अदबीनं त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चमच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे कोणतं? कडू की गोड?"

"सर," मी म्हणालो, "ते मलाही माहीत नाही."